कोरडी बोटे

"सोड म्हणते ना! बोलावलं मी, तर पैसे पण मीच देणार."

"हात काढ, ताई. मागच्या वेळी तूच दिले होतेस."

"कुठली मागची वेळ? चार वर्षांत आपण दोघी कधी बाहेर जेवलोय का, मेले?"

वाम माशाच्या खानावळीत, गल्ल्यापाशी, दोन बायका बिलाच्या कागदासाठी झोंबत होत्या. मालकीण गालातल्या गालात हसत उभी होती. कोरियातल्या या गुनसान बंदरात असली भांडणे रोजचीच. ज्याच्या खिशात पैसे नसतात तो अशा वेळी दारात बूट घालत बसतो. बंद सोडतो, पुन्हा बांधतो, तोवर दुसऱ्याने बिल भागवलेले असते. सगळ्यांना कळते, कोणी बोलत नाही. सुनदकनेही घरून निघताना हेच ठरवले होते. पण जुलैचा उकाडा, म्हणून तिने पायांत रबरी सपाता अडकवल्या होत्या. पाय सरकवला की झाले. वेळ काढायला बंदच नव्हते.

तरीही तोंडदेखली ओढाताण करून ती बिल सोडू शकली असती. पण बोलावणाऱ्या हेसुकने पर्स उघडली, आणि सुनदकची नजर तिच्या बोटांवर गेली. बोटे कोरडी होती. टोकांना एकही सुरकुती नाही. गुळगुळीत, फुगीर, एखाद्या दुकानदारणीची असावीत तशी.

सुनदकने बिल हिसकावले आणि आपल्या पिशवीतले पाकीट काढून चौसष्ट हजार वॉन गल्ल्यावर ठेवले.

"वा गं बाई," हेसुक म्हणाली आणि हात मागे घेतला.

ते पाकीट पंचवीस तारखेच्या हप्त्याचे होते.

दोघी एकोणीस वर्षे एकाच सार्वजनिक स्नानगृहात, बायकांच्या दालनात, अंग घासून द्यायचे काम करत आल्या होत्या. दोन बाक शेजारी शेजारी. गिऱ्हाईक गरम पाण्यातून उठून बाकावर आडवे झाले, की हातात खरखरीत कापडी मोजा चढवून मानेपासून टाचेपर्यंत मळ काढायचा. दिवसभर पाण्यात राहून बोटे भिजवलेल्या मनुकांसारखी होत, आणि सुट्टीच्या दिवशीही पुरती सुकत नसत.

कर्जही दोघींनी जवळपास एकदमच केले. त्या वर्षी रस्त्याच्या कोपऱ्यावर टेबल मांडून पोरे क्रेडिट कार्डे वाटत होती. सही केली की वर एक पांघरूण फुकट. सुनदककडे पाच कार्डे झाली. लेकीच्या, उनजूच्या, लग्नातले कपाट एका कार्डावर, नवऱ्याच्या टेम्पोची दुरुस्ती दुसऱ्यावर. मग दुसऱ्याचे भरायला तिसरे, तिसऱ्याचे भरायला चौथे. शेवटी वसुलीची माणसे स्नानगृहाच्या दारात येऊन उभी राहू लागली, तेव्हा दोघी हातात हात धरून कर्जफेडीच्या कचेरीत गेल्या. तिथे व्याज माफ झाले, पाच वर्षांचे हप्ते बांधून मिळाले. अट एकच: तीन हप्ते चुकले की करार रद्द, आणि माफ झालेले व्याज पुन्हा मानगुटीवर. नवऱ्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात सुनदकचे दोन चुकून झाले होते.

कार्डे त्यांनी एकमेकींची कापली. आपली आपण कापायला हात धजावेना. तेव्हापासून दर शनिवारी काम संपले की दोघी खर्चाच्या वह्या अदलाबदल करत. नको तिथे खर्च झाला असेल तिथे दुसरीने लाल रेघ मारायची. "हे काय, पीच? दोन पीच? कोणी राजा आला होता का घरी?" असे म्हणत हेसुक रेघ ओढी, आणि दोघी हसत. आपल्यासारखीच बुडालेली बाई शेजारी हात मारत असली, की पाण्याची भीती कमी वाटते.

मग मे महिन्यात हेसुकच्या भावाची जमीन रस्त्यात गेली. बहिणीचा वाटा म्हणून त्याने तिला पैसे दिले. हेसुकने एका सकाळी सगळे कर्ज फेडले, बाक सोडला आणि केस कुरळे करून घेतले. शनिवारी मात्र ती येतच राहिली. तिची वही आता नव्हती. ती फक्त सुनदकची वही वाचायची.

घरी नवरा पंख्यासमोर बसून गुडघ्याला मलम चोळत होता. एका इमारतीवर तो अर्धवेळ पहारेकरी होता.

"काय उनजूची आई, वाम कशी होती?"

"तेलकट."

"फुकटची वाम कधी तेलकट असते होय?"

सुनदक स्वयंपाकघरात गेली. भाजलेल्या जवाचे पाणी गटागटा प्यायली आणि मग एका दमात सगळे सांगून टाकले. नवऱ्याचा हात गुडघ्यावर थांबला.

"अगं, तिला सांग ना सरळ. चार वर्षं एका ताटात जेवल्यासारख्या राहिलात."

"तिच्याकडे मागण्यापेक्षा मी वसुलीवाल्यांच्या पाया पडेन."

"असं काय केलंय तिनं तुझं?"

हाच तर प्रश्न होता. हेसुकने काहीच केले नव्हते. कोणाचे लुबाडले नव्हते, मोठेपणा मिरवला नव्हता. तिचे फक्त फिटले होते. अंथरुणावर पडल्यावर सुनदकला वाटले, तिच्या भावाची जमीन रस्त्याला दोन हात सोडून राहिली असती तर काय बिघडले असते? असे मनात येताच तिची तिलाच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्नानगृहाच्या मालकिणीला गाठले. उन्हाळ्यात गरम पाण्याला गिऱ्हाईक कुठले? दिवसाला दोन-तीन अंगे हाताखालून जात, त्यात बाकाचे भाडे आणि तांदूळ जेमतेम निघे.

"पहाटे हौद आणि फरशा मी घासते. सफाईची बाई सुट्टीवर गेलीय ना? रोज आठ हजार द्या."

"तुझी कंबर राहील का जागेवर?"

"कंबर माझी आहे, मी बघते."

शुक्रवारी दुपारी ती कोपऱ्यात उभी राहून मोजे पिळत होती. बाकावर कोणीतरी येऊन पालथे झाले. कुरळे केस, टॉवेलात गुंडाळलेले.

"घासून दे गं," हेसुक म्हणाली.

"ताई, तू?"

"का? मला मळ येत नाही? एकोणीस वर्षं लोकांचा काढला, आता माझा कोणीतरी काढेल ना."

सुनदकने बाकावर बादलीभर पाणी ओतले आणि मोजा चढवला. पाठ तिच्या ओळखीची होती. डाव्या खांद्याखाली तीळ, कमरेत वाकल्यामुळे आलेला बाक. फरक एवढाच, की ही पाठ आता दुपारी तीन वाजता आडवी पडू शकत होती. सुनदक घासू लागली.

"आई गं! सोलतेस की काय मला?"

"मळ फार आहे."

"मळ नाही, कातडी आहे ती."

सुनदकने मोजा कमरेकडे सरकवला. मग हेसुक तोंड बाकात खुपसूनच म्हणाली, "किती कमी पडतायत?"

"कसले?"

"माझ्याशी वेड पांघरू नकोस. चार वर्षं तुझी वही वाचलीय. तुझ्याकडे चौसष्ट हजार मोकळे असते तर मला कळलं नसतं होय? ते पंचवीस तारखेचं पाकीट होतं."

सुनदकचा हात थांबला. "माहीत होतं, तर हिसकावू कशाला दिलंस?"

"तुझं तोंड बघितलं. त्या दिवशी मी बिल भरलं असतं तर तू मला पुन्हा तोंड दाखवलं नसतंस."

सुनदकने तिच्या मांडीवर चापट मारली. वळ, असा त्याचा अर्थ. हेसुक उताणी झाली. आता दोघींना नजर चुकवायला जागा नव्हती.

"मी जळते तुझ्यावर, ताई."

"माहितीय. पाठीला कळलं."

सुनदकला हसू फुटले, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आले. तिथल्या वाफेत कोणाला वेगळे दिसले नसते. हेसुकने हळूच म्हटले, "माझ्या कपाटात पाकीट ठेवलंय. घेऊन टाक. परत देऊ नकोस."

"नको."

"मग उधार समज."

"उधारी आणखी एक? आणि तीही तुझी?" सुनदक तिचा हात घासू लागली, मनगटापासून बोटांपर्यंत. "ताई, एक सांगते, राग मानू नकोस. उद्यापासून शनिवारी येऊ नकोस."

"वही कोण बघणार?"

"मी. तू लाल रेघ ओढतेस तेव्हा मला रेघ दिसत नाही, तुझी बोटं दिसतात. आधी ती माझ्यासारखी होती."

हेसुकने डोके उचलले. "तेरा हप्ते राहिलेत ना तुझे?"

"हा धरून चौदा."

"चौदा महिने भेटायचं नाही?"

"भेटू. गिऱ्हाईक म्हणून ये. मळ आला की."

हेसुक उठली, तिने अंगावर पाणी घेतले आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेली. सुनदकने बाक धुतला. बाहेर आली तेव्हा हेसुक निघून गेली होती आणि सुनदकच्या कपाटाच्या फळीवर नोटा घडी करून ठेवलेल्या होत्या. सुनदकला वाटले, पाकिटातलेच पैसे हे. घडी उघडता उघडता, नोटा परत नेऊन हेसुकच्या दारात टाकताना काय बोलायचे, तेही तिने मनात जुळवले.

बारा हजार. घासण्याचा दर तेवढाच. तिने पुन्हा मोजले. वर एक वॉन नव्हता.

ती फळीला टेकून उभी राहिली. त्या एकोणीस वर्षांत हेसुकने तिला दिलेल्यांपैकी हे सगळ्यात अवघड देणे असावे, असे तिला वाटले. आणि तरीही, जिना उतरणाऱ्या हेसुकच्या हलक्या पावलांची कल्पना येऊन तिला पुन्हा हेवा वाटला.

पंचवीस तारखेला पहाटेच्या फरशा उरकून ती तशीच बँकेत गेली. परतीच्या बसचे वाचवलेलेही तिने त्यात घातले होते. खिडकीपलीकडच्या मुलीने नोटा यंत्रात घातल्या. यंत्राने दोनदा त्या बाहेर ढकलल्या.

"मावशी, या दमट आहेत. यंत्र घेत नाही."

"मग हाताने मोज, बाळ. बरोबर आहेत."

मुलीने मान हलवली आणि एकेक नोट सुटी करून पंख्याच्या वाऱ्याखाली टेबलावर पसरायला सुरुवात केली. "वेळ लागेल जरा. बसा तुम्ही तिकडे."

मागे रांग वाढत होती. कोणीतरी घसा खाकरला. सुनदक बसली नाही. टेबलावरची शेवटची नोट सुकून उचलली जाईपर्यंत ती खिडकीसमोर ताठ उभी राहिली.