पांढऱ्या कापडातल्या नऊ प्रती

मिरियममावशी झिराडकरांना काम सांगावं एक, तर त्या करणार सव्वा. पेणमध्ये त्यांच्या यहुदी समाजाची घरं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. बाकीचे सगळे इस्रायलला गेले आणि जाताना कबरस्तानाची किल्ली मावशींच्या हातात ठेवून गेले. तेव्हापासून त्या तिथलं गवत काढून घेतात, कबरी धुतात, आणि प्रार्थनेची फाटकी पुस्तकं भिंतीकडच्या कोपऱ्यात पुरतात. ज्या पुस्तकात देवाचं नाव आहे ते रद्दीत घालायचं नाही, जाळायचंही नाही. माणसासारखं मातीला द्यायचं, असा त्यांच्याकडचा रिवाज.

मनालीला हे लहानपणापासून ठाऊक. शेजारच्या घरातली पोर, मावशींच्या ओट्यावरच वाढली. लग्न होऊन रोह्याला गेली आणि तिथल्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल झाली. जूनच्या सुरुवातीला ती सकाळच्या गाडीने पेणला आली, प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधलेलं गाठोडं घेऊन. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला तर ती रडायलाच लागली.

"काय झाला गो? सासू काय बोलली?"

"सासू नाय, मावशी. कमिटी."

मग एकेक बाहेर आलं. रोह्याचे महिपतीकाका म्हणजे धाटावच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी एक कादंबरी लिहिली, 'बिननाकाचं शहर'. त्या शहरात एक सरकारी खातं असतं, ते दर वर्षी एक शब्द बंद करतं. आधी 'वास', मग 'खोकला', मग 'नदी'. ज्या पुस्तकात तो शब्द सापडेल ते पुस्तक उचलून नेतात. महिपतीकाकांनी कुठल्या कंपनीचं नाव घेतलं नव्हतं, पण झोंबायचं त्यांना झोंबलं. वाचनालयाला कॉम्प्युटर देणाऱ्या तिथल्याच एका कंपनीच्या साहेबाने कमिटीचे अध्यक्ष हैबतरावांना चहाला बोलावलं, आणि हैबतराव चहा पिऊन आले ते ठराव खिशात घालूनच. पुस्तकाच्या सगळ्या प्रती फाडून रद्दीत द्यायच्या!

"ज्यांनी विकत घेतल्या त्यांनी तरी ठेवल्या असतील ना?"

"कोण ठेवतंय? सगळे तिकडंच कामाला. एकेक जण येऊन पायरीवर प्रत ठेवून गेला, तोंडपण दाखवलं नाय. छापणाऱ्याने फाईल उडवली. काकांच्या हातचे कागद तर पुरातच गेलेले. आणि त्यांचा मुलगा रितेश त्याच साहेबाच्या कंपनीत, त्याचं पर्मनंट व्हायचं अडलंय. म्हणून काकांनी घरातलीपण प्रत स्वतःहून आणून दिली." मनालीने नाक पुसलं. "ह्या नऊ मात्र मी फाडल्या नाय. तुमच्या कबरस्तानात कोण हात लावणार? तिथं पुरा, मावशी."

एवढं सांगून ती दुपारच्या गाडीने परत गेली. गाठोडं पुढे कधीतरी परत काढायचं आहे, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच तिला वाटली नाही, प्लॅस्टिक इतकं घट्ट बांधलं होतं तिने.

मावशी गाठोड्याकडे बघत बसल्या. मेलेल्या माणसासाठी रडावं तशी पोरगी रडून गेली होती. देवाचं नाव असो नसो, एवढे अश्रू ज्याच्यावर पडले त्याला रिवाजाप्रमाणेच निरोप द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. प्लॅस्टिक त्यांनी सोडून बाजूला काढलं. वाटेत पाऊस लागेल म्हणून बांधलं असणार, आणि प्लॅस्टिकमध्ये कुणी कुणाला पुरतं का? मातीला माती भेटायला नको? बाजारात जाऊन कोरं पांढरं कापड आणलं, नऊही प्रती त्यात गुंडाळल्या. एकही उघडून पाहिली नाही. मयताच्या तोंडावरचं कापड उगाच उचलू नये, असं त्यांना वाटलं. मग भिंतीकडच्या कोपऱ्यात प्रती पुरल्या, दोन ओळी प्रार्थना म्हटली, वर दगड ठेवला आणि पाठ धरून घरी आल्या. काम चोख झालं म्हणून त्या दिवशी त्यांना झोपही छान लागली.

मनाली पुन्हा आली ती दिवाळी उलटल्यावर, अगदी हसत.

"मावशी, पुण्याचे एक प्रकाशक छापायला तयार झाले! ते म्हणतात, आम्ही नाय घाबरत. फक्त एक प्रत पाठवा. काकांची तब्येत लय उतरलीय, आता घाई केली पायजे. चला, काढूया."

"काय काढूया?"

"पुस्तकं!"

मावशी किल्ली घेऊन निघाल्या. कोपऱ्यातला दगड मनालीने सरकवला आणि फावड्याने माती ओढायला लागली. हातभर खणल्यावर कापडाची काळी चिंधी लागली. तिच्याखाली राखाडी लगदा, आणि लगद्यात वळवळणारी वाळवी.

"प्लॅस्टिक कुठंय, मावशी?"

"ते मी धुऊन ठेवलंय गो. चांगलं होतं."

मनाली खड्ड्याशी बसून राहिली. तिने चिडायला हवं होतं, दोन शब्द सुनवायला हवे होते. ती नुसती चिंधीवरची माती झटकत राहिली, आणि त्याने मावशींना जास्त लागलं. हैबतरावांना जे पुरतं जमलं नव्हतं ते आपण कोरं कापड आणून, प्रार्थना म्हणून तडीला नेलं! आपल्या चोख कामाची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "रोह्याला जाऊ. माझी चूक हाय, माझ्या तोंडानं सांगते त्यांना."

गाडीत कासू स्टेशन गेलं, नागोठणं गेलं, मावशी काय सांगायचं ते मनात जुळवत राहिल्या.

महिपतीकाका कॉटवर उशीला टेकून बसले होते. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती. मावशींनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, प्लॅस्टिक धुतल्याचंसुद्धा. काकांनी डोळे मिटून ऐकलं. मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मनालीने पाणी दिलं.

"बाकीच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर गेल्या," ते म्हणाले. "ह्या नऊ जणींना कापड मिळालं, प्रार्थना मिळाली. एवढा मान माझा पण नाय कुणी केला." थोडा दम खाऊन त्यांनी विचारलं, "वाचलंत का तुम्ही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाय," मावशी म्हणाल्या. "एक पानबी नाय."

"हैबतरावानं पण नाय वाचलं," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, तरी मावशींच्या काळजात ते सुईसारखं गेलं. पुस्तकाचा मान ठेवणाऱ्या त्या आणि पुस्तक फाडायला लावणारे हैबतराव, न वाचण्यात दोघंही सारखेच निघाले.

त्यांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि कॉटच्या कडेला बसकण मारली.

"मग सांगा आता. पयल्यापासून. ऐकल्याबिगर मी उठायची नाय. आज गाडी चुकली तर उद्याची हाय. मनाली, वही काढ गो."

"कुठं आठवतंय सगळं?"

"जेवढं आठवतंय तेवढं सांगा."

काकांनी छताकडे बघत सुरुवात केली. एका माणसाला सकाळी जाग येते आणि त्याला कळतं की हवेला काहीतरी झालंय, पण काय झालंय ते सांगायचा शब्द कालच बंद झालाय. तो घराबाहेर पडतो. "पुलावर येतो," काका म्हणाले. "पुलावर त्याला..." ते अडले. पुलावर कोण भेटतं ते आठवेना. त्यांनी कपाळ चोळलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा पुलावरच अडले. मनालीचं पेन वहीवर थांबलेलं.

तेवढ्यात दार लोटून रितेश आत आला. शिफ्ट सुटून थेट आलेला, अंगावर कंपनीचे कपडे. वही, पेन, बापाचं तोंड, सगळं त्याने एका नजरेत पाहिलं. त्याने आधी रस्त्याकडची खिडकी लावली, मग दाराची कडी घातली. मनालीने वही मिटली. आता हा आपल्याला हाकलणार, असं मावशींना वाटलं. त्याचंही चूक नव्हतं, पोटापाण्याचा प्रश्न होता.

"बाबा," दाराला पाठ लावून रितेश म्हणाला, "पूल नंतर येतो. तो आधी बाजारात जातो. तिथं त्याला कोळीण भेटते."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. "तू कधी वाचलंस?"

"तुम्ही आपली प्रत परत द्यायला नेलीत ना, त्याच्या आधी. दोनदा वाचलं." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "माझं नाव कुठं घालू नका, मनालीताई. पण लिहा."

मावशींनी सरकून त्याला कॉटवर जागा करून दिली.

"बस रे पोरा," त्या म्हणाल्या. "कोळीण काय म्हणाली?"