पिशवीपाशी कोण बसणार?

‘फुकट’ हा शब्द कानावर पडला की सवलतरावांना बाकीचं काही ऐकू येत नसे. कुणी फुकट थपडा वाटत असता, तरी ते रांगेत उभे राहिले असते आणि आपली खाऊन झाल्यावर ‘घरच्यांसाठी एक मिळेल का?’ असं विचारून आले असते. सवलतराव हे नाव त्यांना कचेरीतल्यांनी ठेवलं होतं. काम घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायचं. पगार बरा होता, घर स्वतःचं होतं, पण खिशात हात घालायची वेळ आली की माणसाच्या खांद्यात लचक भरायची.

त्यांची बायको कपडे धुलाईच्या दुकानात काउंटरवर बसायची. कपडा आला की त्याला सेफ्टी पिनेनं नंबराची चिठ्ठी टोचायची, जोडचिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगावर गेला असं तिच्या हातून कधी झालं नाही. गिऱ्हाइकं तिला टोकनताई म्हणत. दुकानात दिवसभर रेडिओ चाले आणि त्यावर एक गायिका वरचेवर लागे. आवाज भरदार, किंचित खरखरीत, दुपारच्या कंटाळ्यातही माणसाला ताठ बसवणारा. पण काउंटरच्या मागेच वाफेची इस्त्री होती. गाणं ऐन रंगात आलं की ही बया फुस्सकन वाफ सोडायची आणि मधला तुकडा गिळून टाकायची. इतक्या वर्षांत त्या गायिकेचं एकही गाणं टोकनताईनं सलग ऐकलं नव्हतं. एकदा तिला समोर बसून, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकायचं, एवढीच तिची इच्छा होती. बंगला नको, दागिना नको.

ही इच्छा तिनं नवऱ्याच्या कानावर घातली नव्हती असं नाही. गायिकेचा तिकिटाचा कार्यक्रम गावात आला होता तेव्हा सवलतराव म्हणाले होते, “तीच बाई रेडिओवर फुकट गाते की!”

म्हणून ते एके दिवशी उड्या मारत घरी आले आणि “तुझ्या गायिकेला ऐकायला जायचंय!” म्हणाले, तेव्हा तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

“तिकीट काढलंत?”

“तिकीट कसलं? महोत्सव आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत संगीत, आणि सगळं फुकट! तुझी बाई सगळ्यात शेवटी. ताईलाही सांगितलंय. ती येतेय.”

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. फुकटाचा वास या घराण्यात वंशपरंपरेनं येत असावा.

फुकटाची सुरुवात मोबाइलपासून झाली. नाव नोंदवायचं, पत्ता द्यायचा, फोटोंना हात लावायची परवानगी द्यायची, आणि आपल्या ओळखीतल्या पाच जणांचे नंबर कळवायचे. सवलतरावांनी साहेबाचा नंबर दिला, सासऱ्यांचाही दिला. महोत्सवाच्या दिवशी मैदानाजवळ गाडी लावायला गेले, तर तिथल्या जागेचं भाडं ऐकून त्यांनी गाडी उलटी वळवली आणि इतकी लांब नेऊन लावली की परत चालत येताना ताईंच्या चपलेचा अंगठा तुटला. नवी चप्पल वाटेतल्या दुकानात घ्यावी लागली. दुकानदारानं महोत्सवाच्या दिवसाचा भाव लावला.

“चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” टोकनताई म्हणाली.

“अगं, चप्पल काय, कधीतरी घ्यावीच लागली असती,” सवलतराव म्हणाले. पण चेहरा उतरला होता.

फाटकावर मनगटाला कागदी पट्टे बांधले. फाटकावरच्या बाईच्या हातात पुठ्ठ्याची चौकट होती. तिच्यातून जाईल तेवढीच पिशवी आत. यांची पिशवी अर्धी गेली आणि अडली. ताईंनी मागून रेटून पाहिलं. आतून अंड्यांची टरफलं तडकल्याचा आवाज आला.

“काय काय आहे?” बाईनं विचारलं.

“उकडलेली अंडी, पाव, पाण्याच्या बाटल्या, चहाचा थर्मास, छत्री, बसायला उशी,” टोकनताईनं सांगितलं.

“यातलं काही चालणार नाही.”

“उशीसुद्धा?”

“उशी असली की लोक आरामात बसतात. उठून दुकानांकडे जात नाहीत.” बाई प्रामाणिक होती. “तिकडे सामान ठेवायची खोली आहे. रोख घेत नाहीत, मनगटाच्या पट्ट्यात पैसे भरावे लागतात. उरलेले परत मिळत नाहीत. आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत.”

उरलेले परत मिळत नाहीत म्हटल्यावर सवलतरावांचा हात खांद्याकडे गेला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि टोकनताईला पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच ऐकू आलं.

“अगं, तू बस पिशवीपाशी. आम्ही जरा बघून येतो. अर्ध्यात मी बाहेर येतो, मग तू जा. तुझी बाई तर शेवटीच आहे.”

पिशवीपाशी बसणं हे तिचं लग्नातलं खातं होतं. पोहायच्या तलावावर ती पिशवीपाशी, प्रदर्शनात पिशवीपाशी. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीतसुद्धा समुद्र आधी नवऱ्यानं पाहिला होता, आणि परत आल्यावर “छान आहे” असं तिला सांगितलं होतं.

“नक्की याल ना?” तिनं विचारलं.

“म्हणजे काय!” असं म्हणून भाऊ-बहीण आत गेलेसुद्धा.

फाटकाच्या शेजारी भिंतीच्या सावलीत ती बसली. थोड्या वेळात एक आजोबा घडीची खुर्ची काखेत मारून फाटकावरून परत फिरले. गुडघ्यांचं दुखणं होतं, खुर्चीशिवाय कठीण जाणार होतं, आणि खुर्ची आत नेता येत नव्हती. आत खुर्च्या होत्या, पण त्या प्रायोजकांच्या पाहुण्यांसाठी.

“ठेवा इथे. मी आहे,” टोकनताई म्हणाली. आजोबा कचरले. तेव्हा तिनं सवयीनं पर्स उघडली, दुकानातल्या चिठ्ठ्यांची गड्डी काढली, एक खुर्चीच्या कापडाला टोचली आणि जोडचिठ्ठी त्यांच्या हातात दिली. चिठ्ठी मिळाली की माणसाचा विश्वास बसतो. आजोबा आत गेले.

हीच तिची चूक झाली. चिठ्ठी मिळते हे पाहून मागच्या बाईनं छत्री दिली, तिच्या मागच्यानं थर्मास, मग एकानं हेल्मेट, एका नव्या आईनं बाळाची गाडी. आत मोटारीच्या किल्ल्या चालत होत्या, पण किल्लीला अडकवलेला छोटा चाकू चालत नव्हता, म्हणून किल्ल्याही आल्या; त्या तिनं पावाचा डबा रिकामा करून त्यात ठेवल्या. फाटकावरची बाई तर आता लोकांना स्वतःच तिच्याकडे पाठवू लागली. टोकनताईनं छत्र्या एकीकडे लावल्या, बाटल्या एकीकडे, मोठं सामान भिंतीला टेकवून. बघता बघता तिथे असं दुकान उभं राहिलं की आत महोत्सवात जी जी सोय नव्हती ती सगळी बाहेर तिच्या पायाशी होती.

मधूनमधून नवऱ्याचे निरोप येत होते. ‘आत पाणी विकत. नळ आहे, पण त्यावर पाण्याच्या कंपनीचं कापड गुंडाळलंय.’ नंतर, ‘ताईला सरबत हवं होतं. पट्ट्यात पैसे भरावे लागले.’ मग, ‘सावलीत उभं राहायला वेगळा पट्टा लागतो. ताईनं घेतला.’ पट्ट्याचे पैसे कुणी दिले हे लिहिलं नव्हतं, पण अक्षरांतून कळत होतं.

अर्धा दिवस सरला. तिनं लिहिलं, ‘येताय ना?’

उत्तर आलं, ‘इतके पैसे भरलेत, ते वसूल झाल्याशिवाय कसा येऊ? जरा थांब.’

टोकनताईला रडू आलं नाही, संताप आला. इतका, की पिशवी तिथेच सोडून सरळ आत जावं असं मनात आलं. ती उठलीसुद्धा. आणि मग तिनं मागे वळून पाहिलं. आजोबांची खुर्ची, बाळाची गाडी, कुणाकुणाच्या किल्ल्या. एका पिशवीपासून सुटका होत नव्हती, आणि बाईसाहेबांनी आपल्या हातानं सगळ्या गावाच्या पिशव्या गळ्यात बांधून घेतल्या होत्या. कुणी सांगितलं होतं नसतं शहाणपण? ती पुन्हा खाली बसली. आत गायिकेच्या आधीचा कार्यक्रम सुरू झाल्याची घोषणा झाली.

तेवढ्यात महोत्सवाचे व्यवस्थापक आले. गळ्यात ओळखपत्र, दोन्ही हातांत बिनतारी फोन, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाचा भार.

“हे काय चाललंय? सामान ठेवायचा ठेका आम्ही दिलेला आहे. तुमची परवानगी कुठे आहे?”

“परवानगी नाही. घेऊन जा सगळं,” टोकनताई म्हणाली. “मला आत जायचंय.”

व्यवस्थापकांनी ढिगाकडे पाहिलं. हे सगळं आता आपल्या अंगावर येणार हे लक्षात येताच त्यांचा आवाज मऊ झाला. “तसं नाही ताई. हे तर सेवाकार्य आहे! आपण याला रीतसर करून टाकू.” त्यांनी काखेतली पिशवी उघडली. “स्वयंसेवकाचा टी-शर्ट, टोपी, शिट्टी. सगळं फुकट. अट एकच, शेवटची वस्तू मालकाच्या हातात जाईपर्यंत जागा सोडायची नाही.”

ती नाही म्हणणार, एवढ्यात फाटकातून सवलतराव धावत बाहेर आले. बायकोसाठी नव्हे. आतल्या शौचालयालाही पट्टा लागत होता, पट्ट्यातले पैसे ताईंच्या सरबतांत संपले होते, आणि बाहेर बागेतलं शौचालय फुकट होतं. ते तिच्याकडे न बघताच तिकडे गेले. परत आले तेव्हा माणसात आले होते. त्यांची नजर व्यवस्थापकांच्या हाताकडे गेली.

“टी-शर्ट कसला?”

“स्वयंसेवकांसाठी.”

“फुकट?”

“अगदी फुकट. टोपीसुद्धा.”

“मोठा आहे का?” सवलतरावांनी विचारलं.

टोकनताईच्या मनात काहीतरी लख्ख झालं. पण ती नेकीची बाई होती. “अहो साहेब,” ती व्यवस्थापकांना म्हणाली, “ती अट यांना पुन्हा एकदा सांगा. मोठ्यानं सांगा.”

व्यवस्थापकांनी मोठ्यानं सांगितली. तोवर सवलतराव टी-शर्टमध्ये डोकं घालून बसले होते. बाहेर आले ते टोपीचा पट्टा सैल करतच. व्यवस्थापकांनी त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली, पाठीवर थाप मारली आणि दोन्ही फोनांवर बोलत निघून गेले.

“चिठ्ठीचा नंबर बघायचा, जोडचिठ्ठी घ्यायची, मगच वस्तू द्यायची,” टोकनताई म्हणाली. “छत्र्या इकडे, किल्ल्या माझ्या डब्यात. मी जाते.”

“कुठे? अगं, मला आत...”

“तुम्हाला आता आत सोडत नाहीत,” ती म्हणाली, आणि निघाली.

फाटकावरच्या बाईनं तिला नखशिखान्त पाहिलं. “काहीच नाही बरोबर?”

“काहीच नाही.”

आत गवत तुडवून भुईसपाट झालं होतं. पुढे प्रायोजकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्यांच्याभोवती दोर बांधून माणसं उभी होती, रिकाम्या खुर्च्यांना कुणी त्रास देऊ नये म्हणून. टोकनताई दोराला टेकून उभी राहिली. गायिका आली. रेडिओवरून वाटायची त्यापेक्षा बुटकी होती, साधी होती. तिनं रेडिओवर नेहमी लागायचं तेच गाणं धरलं. मधली जागा आली तशी टोकनताई सवयीनं अंग चोरून इस्त्रीची वाट पाहत राहिली. वाफ आली नाही. सूर वर चढत गेला, तिथे थांबला, आणि इतक्या हळुवारपणे खाली उतरला की तिला वाटलं, इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागे घडत होतं आणि मला पत्ताच नव्हता. तिला फार आनंद झाला. आणि आनंदाच्या पाठोपाठ, हे सगळं वाया गेलं म्हणून फार राग आला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिनं पुसलं नाही.

शेवटच्या ओळीवर गायिकेनं डोळे मिटले, सूर लांबवला, आणि नेमक्या त्याच क्षणी कर्ण्यांतून एक खणखणीत आवाज आला. “हा क्षण आपल्यापर्यंत आणला आहे...” पुढे गादी बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. गायिकेचे ओठ हलताना दिसत होते. शेवटचा सूर गादीखाली गेला.

टोकनताई बाहेर आली तेव्हा भिंतीपाशी रणकंदन चाललं होतं. सवलतरावांनी उन्हात घाम पुसायला वस्तूंना टोचलेल्या चिठ्ठ्या काढून वापरल्या होत्या. आजोबांना बाळाची गाडी मिळाली होती आणि नव्या आईला हेल्मेट. सवलतराव शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प करू पाहत होते. तिनं डबा हातात घेतला, एकेकाला विचारलं, आणि ज्याचं त्याला देऊन मोकळी झाली. शेवटी उरली ती यांची पिशवी. ती तिनं उचलली नाही. आतून आलेल्या ताईंनी निमूटपणे उचलली.

टी-शर्ट मात्र व्यवस्थापकांनी अंगावरून उतरवून घेतला. तो पुढच्या वर्षी लागणार होता.

गाडीपर्यंतच्या वाटेवर सवलतराव बोटांवर हिशेब मोजत होते. चप्पल, सरबतं, सावलीचा पट्टा. गाडीपाशी पोचले तर काचेवर दंडाची चिठ्ठी होती. गाडी लावायला तीही जागा फुकट नव्हती.

“फुकटाच्या नादी पुन्हा लागायचं नाही,” ते अखेर म्हणाले, आणि आवाजात खरोखरची उपरती होती. “भीक नको, पण कुत्रा आवर! तुझ्या बाईचा तिकिटाचा कार्यक्रम असला ना, की सांग. या खेपेला मी तिकीट काढतो. बोललो म्हणजे बोललो.”

“काढा,” टोकनताई म्हणाली. “पण एकच काढा.”