विभावरीबाईंची लेव्हल

जावयाने, श्रीनाथने, माइकची पिन उपसली, शर्टाला पुसली आणि कॉम्प्युटरच्या मागे पुन्हा खोचली.

"आई, बोला बरं परत."

विभावरीबाईंनी कागद धरून "श्रोतेहो, नमस्कार" म्हटलं. पडद्यावरची हिरवी पट्टी जेमतेम हलली आणि तळाशी जाऊन बसली.

ऑकलंडच्या मराठी मंडळींचा रविवारी रेडिओवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. त्यातल्या बातम्या बाईंनी शहराच्या टोकाला अल्बनीत राहणाऱ्या लेकीच्या घरून रेकॉर्ड करून पाठवायच्या होत्या. दोनदा पाठवल्या, दोनदा परत आल्या. कार्यक्रम चालवणाऱ्या चंद्रशेखरने तर सँडरिंगहॅमच्या देशी वाण्याकडे गाठून गोड शब्दांत सांगितलं होतं की काकू, आवाज फार खोल जातो, वयाचंही असतंच. आज संध्याकाळपर्यंत नीट आलं नाही, तर बातम्या मंडळातल्या संपदाला देतो, असंही तो म्हणाला होता. हे वयाचं बाईंना चांगलंच झोंबलं होतं. त्यांची उभी नोकरी कराडच्या एसटी स्टँडवर घोषणा करण्यात गेली होती. वीज जाऊन कर्णे बंद पडले, तरी कोल्हापूर गाडी कुठे लागली ते समोरच्या रसवंतीवाल्याला बसल्या जागी कळत असे.

श्रीनाथने इनपुट शंभरावर नेलं, वर माइकला बूस्ट दिला. मग खोली गरम ठेवणाऱ्या हीट पंपाची घरघर आली, पलीकडच्या गल्लीतलं गवत कापायचं यंत्र आलं, बाई तेवढ्या आल्या नाहीत.

"सेटिंग तर सगळं फुल आहे," तो वैतागून म्हणाला. "माइकच गेलाय बहुतेक."

त्यांनी पुन्हा वाचायला घेतलं. एवढ्यात बाहेर लेकीची, ऋचाची पावलं वाजली आणि बाईंचा आवाज आपोआप आणखी खाली उतरला. तो उतरलेला त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

इथे आल्या त्याच आठवड्यात त्यांनी अंगणातून नातवाला, अक्षतला, जेवायला हाक मारली होती, तर शेजारीण कुंपणापाशी येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेली. लेक लाजेने अर्धी झाली. तेव्हापासून घरात "आई, हळू" सुरू झालं. फोनवर हळू, स्वयंपाकघरात हळू, अक्षतला रागवायचं तेही कुजबुजत. शिवाय घर जावयाचं. तिथे सासूने आवाज चढवायचा नसतो, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. माइक काही गेला नव्हता. जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्याच त्या रेकॉर्ड होत होत्या. बाईंना संताप आला, आणि तो सगळ्यात जास्त स्वतःचाच आला.

त्या खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. पोटातून श्वास घेतला.

"श्रोतेहो, नमस्कार!"

पट्टी लालभडक होऊन टोकाला भिडली. कपाटाची काच झणझणली. श्रीनाथने कानांवरचा हेडफोन उपटून काढला.

"आई, आवाज फाटतोय आता. जरा कमी करा."

"मशीन कमी करा, श्रीनाथराव. मी आता कमी होणार नाही."

लग्न झाल्यापासून सासूबाईंनी त्याला असं कधी सुनावलं नव्हतं. त्याने बूस्ट काढून टाकला आणि इनपुट ओढत ओढत पार खाली आणलं.

ऋचा धावत आत आली. एक बोट ओठांवर, दुसरा हात खिडकी ओढायला.

"आई, अगं, लोक काय म्हणतील?"

"उघडी राहू दे ती."

बाईंनी लेकीकडे सरळ बघत पहिल्यापासून सुरुवात केली. मंडळाची सहल, मनुरेवातला मराठी वर्ग, हवामान, एकेक बातमी गाडी फलाटाला लावावी तशी ठणठणीत. पट्टी हिरव्यात राहिली. बायकोचा चेहरा पाहून श्रीनाथने रेकॉर्डिंग थांबवायला माउसकडे हात नेला.

ऋचाने त्याला मानेनेच नको म्हटलं. बातम्या संपेपर्यंत ती खिडकी धरून तशीच उभी राहिली, आणि वारा खिडकी ढकलू लागला तेव्हा तिने ती बंद होऊ दिली नाही.