चार दिवस वेडा ठरलेला माऊस

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना माऊस आहे. तुमच्याकडचे माऊस पोटाखाली दिवा लावून फिरतात. माझ्या पोटात दिवा नव्हता, लहानशा लिंबाएवढा रबरी चेंडू होता. मी सरकलो की तो गडगडायचा, त्याला टेकलेल्या दोन बारीक दांड्या फिरायच्या आणि पडद्यावरचा बाण माझ्या मागोमाग चालायचा. एक दांडी बाणाला आडवा चालवी, दुसरी उभा. इतके साधे माझे यंत्र, पण त्याचा मला आजही अभिमान आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझ्यात स्प्रिंग बसवली, कुणी वायर जोडली. शेवटी बसलेली बाई प्रत्येक माऊसचे बटण वीस वेळा दाबून बघायची. माझी विसावी टिचकी झाल्यावर तिने मला शेजारणीच्या कानाशी नेले आणि म्हणाली, "ऐक, आवाज कसा स्वच्छ आहे ते." त्या दिवशी एवढे कौतुक दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले नाही. मी लक्ष ठेवून होतो.

तिथून मी स्वेटर विणण्याच्या कारखान्यात आलो. खाली विणायची यंत्रे दिवसभर खडखडत. लाकडी जिना चढून वर गेले की एक लहान खोली होती, तिथे संगणक आणि मी. स्वेटरवर फूल हवे असो की पक्षी, तो आधी वरच्या खोलीत पडद्यावरच्या बारीक चौकटींत भरावा लागे. एक चौकट म्हणजे एक टाका. नक्षी भरून झाली की ती फ्लॉपी नावाच्या चौकोनी चकतीत उतरवून खाली पाठवायची. ती यंत्रात घातली की यंत्र तशीच नक्षी विणून देई.

हे काम करणाऱ्या बाईंना सगळे नक्षीताई म्हणत. त्या डावखुऱ्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उचलून संगणकाच्या डाव्या बाजूला ठेवले आणि संगणकात काहीतरी खटपट करून माझी बटणे उलटी केली. डाव्याचे काम उजव्याला दिले आणि उजव्याचे डाव्याला. का, ते सांगतो. डावा हात माझ्यावर ठेवला की त्याची तर्जनी उजव्या बटणावर येते, आणि माणसाचे सगळे कसब तर्जनीत असते. मला दोन्ही बटणे सारखीच. पण एक गोष्ट लक्षात असू द्या, हा बदल माझ्या अंगात नव्हता, संगणकात होता.

सात वर्षे आम्ही दोघांनी मिळून नक्षी भरली. लोकरीचा भुगा हवेत सदा तरंगत असे आणि माझ्या पोटातल्या दांड्यांना गुंडाळला जाई. नक्षीताई दर शनिवारी माझ्या पोटावरची झाकणाची तबकडी फिरवून चेंडू बाहेर काढत, केसातल्या आकड्याने भुगा खरवडत आणि चेंडू साबणाने धूत. अंघोळ झालेला माऊस तुम्ही पाहिला नसेल. मी आठवड्याला एक करत असे.

आता त्या चार दिवसांकडे येतो.

एका रविवारी नक्षीताई घराच्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचा डावा हात मनगटात मोडला. सहा आठवड्यांचे प्लास्टर. नेमके त्याच वेळी एका शाळेच्या स्वेटरचे काम आले होते. छातीवर खंड्या पक्षी हवा होता. मालकांनी नक्षीताईंच्या भावजयीला वर पाठवले. त्या खाली स्वेटरला लेबले शिवत, आणि त्यांना अख्खा कारखाना वहिनी म्हणे. संगणकाचे चार धडे त्यांनी कुठेतरी घेतले होते. जिना चढता चढता त्या म्हणाल्या, "वन्सं सात वर्षं खुर्चीत बसून उंदीर फिरवतायत. त्यात काय एवढं? मी दोन दिवसांत करून देते."

खुर्चीत बसून वहिनींनी मला डावीकडून उजवीकडे घेतले. उजव्या हाताने धरले आणि डावे बटण दाबले. चौकट रंगायच्या ऐवजी पडद्यावर एक यादी उघडली. पुन्हा दाबले, पुन्हा यादी. दहादा दाबले, दहादा यादी. मी माझे काम अगदी चोख करत होतो, पण सांगू कसा? मला वाचा नाही, टिचकी आहे.

वहिनींनी यंत्रांच्या मिस्त्रींना वर बोलावले. मिस्त्री लोखंडाला घाबरणारे नव्हते. त्यांनी मला उलटे केले, चेंडू काढला आणि म्हणाले, "हे बघा वहिनी, पोट बिघडलंय. अर्ध्या स्वेटरची लोकर खाल्लीय यानं." खरेच आदल्या शनिवारी कामाच्या घाईत माझी साफसफाई राहिली होती, त्यामुळे बाण आडवा जायचा पण उभा जाताना अडखळायचा. मिस्त्रींनी दांड्या लखलखीत केल्या. बाण सरळ चालू लागला. वहिनींनी बटण दाबले. यादी उघडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी वायर काढून पुन्हा लावली, संगणक बंद करून चालू केला, माझ्याखालची गादी उलटी करून पाहिली. तिसऱ्या दिवशी मला भंगाराच्या खोक्यात टाकले आणि मालकांच्या केबिनमधला कोरा माऊस आणून जोडला. यादी उघडली.

"हाही तसाच," वहिनी म्हणाल्या.

"जुन्याची संगत लागली असेल," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला विनोद सुचतायत."

शेजारच्या छापखान्यातून तिसरा माऊस मागून आणला. त्यानेही यादीच उघडली. तुटक्या सुया आणि धाग्यांच्या रिकाम्या रिळांमध्ये पडल्या पडल्या मी मनात म्हणालो, आता तरी यांच्या लक्षात येईल. तीन माऊस एकाच आठवड्यात कसे वेडे होतील? पण मिस्त्रींनी तिन्ही माऊसना सोडून संगणकालाच वेडा ठरवले.

चौथ्या दिवशी सकाळी मालक वर आले. ते ओरडत नसत. ओरडले असते तर बरे, असे वाटावे इतक्या हळू बोलत.

"संध्याकाळपर्यंत फ्लॉपी खाली आली तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर उद्यापासून नक्षी बाहेरून करून आणू. ही खोली बंद."

"आणि वन्सं?" वहिनींनी विचारले.

"हात बरा झाला की बसतील तुमच्याशेजारी लेबलं शिवायला."

मालक उतरून गेले. मिस्त्री दाराशीच घुटमळले. "वहिनी, नक्षीताईंना एकदा विचारा ना. घर काही दूर नाही."

"कोणत्या तोंडानं विचारू? त्यात काय एवढं, असं म्हणून आलेय मी. घरी वन्सं रोज संध्याकाळी विचारतात, कसं चाललंय. मी सांगते, झकास."

  मग वहिनी उठल्या, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. मित्रांनो, त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीचा आवाज मी खोक्यातून ऐकला. मी पुष्कळ अवघड कामे पाहिली, पण तो जिना उतरण्याइतके अवघड काम क्वचितच पाहिले.

अर्ध्या तासाने जिन्यावर दोन जणींची पावले वाजली. नक्षीताई हात गळ्यात बांधून आत आल्या. त्यांनी आधी टेबल पाहिले, मग खोके. उजव्या हाताने मला बाहेर काढून पदराला पुसले.

"याला का टाकलं?"

"वेडा झालाय तो, वन्सं."

"वेडा नाही गं, डावखुरा आहे. माझ्यासारखा. उजवं बटण दाब."

वहिनींनी मला जोडले आणि उजवे बटण दाबले. एक चौकट निळी झाली. दाराशी उभ्या मिस्त्रींनी पुढे येऊन पडदा पाहिला. मग ते म्हणाले, "चार दिवस," आणि डोक्याला हात लावून खाली गेले.

त्यानंतरचे पाच तास माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे. बोट वहिनींचे आणि नजर नक्षीताईंची. "चोच एक घर पुढे. अजून एक. पुरे, चिमणीची चोच नाही ती, पण करकोच्याचीही नको." "पोट नारिंगी कुठपर्यंत, वन्सं?" "पायापर्यंत. आणि घाई करू नकोस, पक्षी घाईत चांगला बसत नाही." दोन हजारांवर टिचक्या झाल्या. माझी एकही चुकली नाही.

दिवे लागायच्या आत फ्लॉपी खाली गेली. थोड्या वेळाने मालक स्वतः पहिला नमुना घेऊन वर आले. पांढऱ्या लोकरीवर निळा खंड्या बसला होता, आता उडेल असा.

"मालक, खोली बंद करणार होतात म्हणे," नक्षीताई म्हणाल्या.

"छे, कोण म्हणालं?" असे म्हणत मालकांनी खिडकी लावून घेतली, जणू तेवढ्यासाठीच ते आले होते.

ते गेल्यावर नक्षीताई म्हणाल्या, "वहिनी, बटणं सरळ करून देऊ का? एका मिनिटाचं काम आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "राहू द्या. तुम्ही परत आलात की पुन्हा उलटी करत बसाल. तोवर मी उजवंच दाबते."

सहा आठवडे वहिनी चुकत, स्वतःवरच चिडत, उजवे बटण दाबत राहिल्या. प्लास्टर निघाल्यावर नक्षीताई खुर्चीत येऊन बसल्या, मला डावीकडे घेतले आणि हात ठेवला. सगळे बोटाखाली जसेच्या तसे होते. त्या दिवशी मला कळले, की मी नुसती वस्तू नाही. कुणाची तरी जागा राखून ठेवण्याच्या कामी मी आलो होतो.

पुढे नवे संगणक आले. माझ्या वायरचे गोल टोक त्यांना बसेना. मी टेबलाच्या खणात गेलो. पोटातला रबर कडक झाला आहे, पण बटण दाबून पाहा, आवाज अजून स्वच्छ येतो. मला दुःख नाही. खंड्याचा स्वेटर घालून चारशे मुले शाळेत गेली, त्यातला एकेक टाका माझ्या पाठीवरून गेला आहे.

मित्रांनो, वस्तू साफ ठेवा, तिला आदळू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगेन, की एखादी वस्तू किंवा एखादे माणूस तुमच्या हाती नीट चालेना, तर त्याला लगेच खोक्यात टाकू नका. आजवर ते कुणाच्या हाती नीट चालत होते, हे शोधा आणि त्याला जाऊन विचारा. विचारायला लाज वाटेल. वाटू द्या, आणि जिना उतरा.