व्हर्जिलच्या खिशातलं बी

ऑर्फा टॅकेट आपल्या भावजयीला पाण्यात पाहत होती, आणि ते लपवायचे कष्ट तिने कधीच घेतले नाहीत. तिचा धाकटा भाऊ व्हर्जिल तांब्याच्या खाणीत काम करायला म्हणून ॲरिझोनाला गेला, तिथेच रमला, तिथल्याच बाईशी लग्न केलं आणि म्हातारपणी मागच्या सप्टेंबरअखेर तिला घेऊन दक्षिण ओहायोच्या टेकड्यांत परतला. बायकोचं नाव डार्ला. हिवाळा कसाबसा काढला आणि मार्चमध्ये व्हर्जिलचं हृदय बंद पडलं. आता रस्त्याच्या एका अंगाला नणंद, दुसऱ्या अंगाला भावजय. रस्ता इतका अरुंद की एकीच्या चुलीवरच्या घेवड्याचा वास दुसरीला यायचा, पण पलीकडे पाऊल टाकायचं तर भांडायलाच.

पहिली ठिणगी ऑर्फानेच टाकली होती. व्हर्जिलच्या अंगणात बकआयचं मोठं झाड होतं. डार्ला आली तेव्हा त्याखाली तपकिरी, तुकतुकीत बियांचा सडा पडला होता. प्रत्येक बीवर एक फिकट ठिपका, अगदी हरणाने डोळा उघडून पाहावं तसा. त्याच आठवड्यात रविवारी चर्चच्या जेवणात डार्लाने बायकांना 'बकआय' खाताना पाहिलं होतं. ते शेंगदाण्याच्या लोण्याचे, चॉकलेटात बुडवलेले लाडू असतात, बियांसारखे दिसतात म्हणून तसं नाव. परक्या बाईला हे कुठून कळावं? तिने ओटीभर बिया गोळा केल्या आणि रस्त्यापलीकडे हाक मारली, "ऑर्फा, हे भाजून खातात ना गं?"

इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की बकआय विषारी. गाय खाते नि लडखडते. ऑर्फा कपडे वाळत घालत होती. तोंडात चिमटा धरूनच ती म्हणाली, "चाखून बघ की!"

डार्लाने तीन बिया चाखल्या आणि दोन दिवस बादली उशाशी घेऊन पडली. व्हर्जिलने बहिणीला दारात उभं करून विचारलं, "तू हसत होतीस ना?" ऑर्फा म्हणाली, "मी खा म्हटलं नव्हतं, चाख म्हटलं होतं." त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

दुसरी ठिणगी प्रेतापाशी पडली. व्हर्जिल ॲरिझोनाला निघाला तेव्हा ऑर्फाने त्याच्या हातावर बकआयचं एक बी ठेवलं होतं. इकडे ते खिशात बाळगतात, नशिबासाठी, संधिवातासाठी, सवयीसाठी. टॅकेटांच्या घरात त्याचा एक नियम होता : बी हाताने दिलं तरच लाभतं, चोरलं तर उलटतं. व्हर्जिलने ते जन्मभर खिशात ठेवलं, अंगठ्याने चोळून चोळून ठिपकाही पुसला. मयताच्या दिवशी ऑर्फाने ते मागितलं.

"त्याच्या खिशातलं ते माझं," डार्ला म्हणाली.

"मी दिलं होतं त्याला."

"दिलंस ना? मग सुटलं तुझ्या हातातून."

चर्चच्या बायका बटाट्याचं भांडं इकडून तिकडे देत राहिल्या, जणू काही ऐकलंच नाही. ऑर्फाला मात्र ते लागलं, फार लागलं.

आता उरलं ते झाड. ते तर ऑर्फाचंच बाळ. ओढ्याकाठच्या जुन्या बकआयखालून तिने ताजं बी आणलं होतं, वाळू द्यायच्या आत ओल्या मातीत, कॉफीच्या डब्यात लावलं होतं आणि तो डबा अख्खा हिवाळा ओसरीवर थंडीत ठेवला होता, कारण थंडी खाल्ल्याशिवाय हे बी डोळा उघडत नाही. रोप गुडघ्याएवढं झाल्यावर, व्हर्जिल ॲरिझोनाला जाण्याआधी, त्याच्या नव्या घराला तिने तेच भेट दिलं. तो ॲरिझोनात असताना त्याची सगळी वर्षं तिनेच झाडाकडे पाहत काढली होती.

ऑगस्ट आला. बकआय सगळ्या रानाआधी पालवतं आणि सगळ्या रानाआधी झडतं. जुलैतच पानांच्या कडा करपल्या, ऑगस्टच्या मध्याला पंजासारखी पानं पाचही बोटं मुडपून गळायला लागली. शेजारचे मेपल हिरवेगार आणि हे उघडं. इथल्या माणसाला त्यात काही वाटत नाही. डार्लाने इथला ऑगस्ट कधी पाहिलाच नव्हता.

झाडं तोडणाऱ्या मर्ल स्टिडमचा ट्रक पलीकडे उभा राहिला आणि त्यातून करवत उतरली, तेव्हा ऑर्फा एप्रनवरच धावली.

"काय करतेयस?"

"मेलंय ते," डार्ला म्हणाली. "वादळात घरावर पडेल."

"मेलं नाही गं! दर वर्षी असंच होतं. झोपलंय." ऑर्फाने नखाने एक डहाळी खरवडली. आत हिरवं होतं, आणि बकआयच्या सालीची ती कुबट दुर्गंधी सुटली. "हे बघ! वास घे! मेल्या लाकडाला असा वास येतो?"

"कुजल्याचा वास येतोय."

"बकआयला असाच येतो, डार्ला. हीच तर त्याची ओळख!"

डार्लाने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "चाखून बघू का?"

 लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट ऑर्फाने शाळेत दहादा वाचली असेल, पण आपणच तो पोरगा होऊ असं काही तिला वाटलं नव्हतं.

"मर्ल, तू तरी सांग हिला!"

मर्लने टोपी काढून डोकं खाजवलं. "बायांनो, मला दोघींच्या मध्ये घालू नका. झाड ज्याच्या अंगणात, शब्द त्याचा."

शब्द डार्लाचा. करवत सुरू झाली आणि थोड्याच वेळात झाड आडवं झालं. खोड पांढरं, ओलं, रस झिरपत होता. अंगणभर दुर्गंधी पसरली. फांद्यांवर खरबरीत, काटेरी टरफलं अजून चिकटलेली होती. मर्लने एक बुटाखाली फोडलं, तर आत बी कच्चं, पांढरं. त्यातून काही उगवायची आशा नव्हती.

"जिवंत होतं हो," मर्ल हळूच म्हणाला.

डार्लाचा चेहरा उतरला. ते पाहून ऑर्फाला जो आनंद झाला तो वाईट होता, पण झाला. "माझा भाऊ एकदा मेला होता," ती म्हणाली, "आज तू दुसऱ्यांदा मारलास."

"आणि तू मला पहिल्यांदाच मारायला निघाली होतीस!"

"बुडखा तरी राहू दे. बुडख्याला फूट येते. पाया पडते तुझ्या."

हे मागायला नको होतं. ऑर्फाला हवं म्हणजे आपल्याला नको, एवढंच डार्लाला त्या क्षणी कळत होतं. "मर्ल," ती म्हणाली, "तुझं ते भरडायचं मशीनही आणलंयस ना? बुडखासुद्धा काढ."

संध्याकाळपर्यंत तिथे फक्त भुसा उरला.

सप्टेंबरमध्ये ऑर्फाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं की डार्ला त्या भुशात गुडघे टेकून बसली आहे. बोटाने खड्डा केला, गाऊनच्या खिशातून काहीतरी काढलं, ओठांना लावलं आणि पुरलं. वर खारींपासून रक्षण म्हणून जाळीची टोपली पालथी घातली आणि ती दगडांनी दाबली. मग रोज पाणी. ते व्हर्जिलचं बी होतं. जन्मभर खिशात वाळलेलं, आतून कधीच दगड झालेलं. बकआयचं बी वाळलं की मेलं. ते दोन आठवडे उघडं राहिलं तरी संपतं.

ऑर्फा रस्ता ओलांडून गेली. "ते उगवायचं नाही."

"का?"

"वाळलंय. ताजंच लावावं लागतं."

डार्ला झारी खाली न ठेवता म्हणाली, "तू चाख म्हणालीस, मी आजारी पडले. तू जिवंत म्हणालीस, मी ऐकलं नाही, ते जिवंत निघालं. ऐकलं तरी मरण, न ऐकलं तरी मरण. आता तू बोलूच नकोस बाई माझ्याशी. मी पाणी घालणार."

तिचे डोळे सुजलेले होते. ऑर्फाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही बाई विधवा झाली आहे. त्याचा तिला रागच आला.

पुढच्या रविवारी टॅकेटांच्या बाकावर ऑर्फाची जागा रिकामी होती. लहानपणी गोवर आला होता तेव्हाखेरीज हे कधी घडलं नव्हतं. सगळी वस्ती चर्चमध्ये गात असताना ती ओढ्याकाठी वाकून उभी होती. जुन्या झाडाची टरफलं उकलत होती. तिने एक जड, थंड, ओलसर बी निवडलं, पोटच्या पोरासारखं मुठीत धरलं आणि डार्लाच्या अंगणात शिरली. दगड सरकवले, टोपली उचलली, माती उकरली.

व्हर्जिलचं बी हाताला लागलं. काळं, हलकं, अंगठ्याच्या खोबणीने एका बाजूला झिजलेलं. तिने आपला अंगठा त्या खोबणीत ठेवून पाहिला. मयताच्या दिवसापासून तिला हेच हवं होतं.

ते परत पुरायचं, दोन्ही शेजारी शेजारी, असंच ठरवून ती आली होती. तिने ताजं बी ठेवलं, माती लोटली, टोपली घातली. उभी राहिली तेव्हा व्हर्जिलचं बी तिच्या खिशात होतं.

दुपारी डार्लाने रस्त्यापलीकडून टोमणा मारला, "आज चर्चला नाही? देवाशीही भांडलीस वाटतं?" ऑर्फाने नखांतली माती एप्रनला पुसली.

हिवाळाभर बर्फ पडत राहिलं. ऑर्फाला ते बी खिशात लाभलं म्हणावं, तर तेही नाही. गुडघे कधी नव्हेत इतके दुखले.

एप्रिलच्या सुरुवातीला, सगळं रान अजून करडं असताना, पलीकडून किंकाळी आली. "ऑर्फा! ये इकडे! ये म्हणते ना!"

ऑर्फा गेली. जाळीच्या आत बोटभर तांबूस कोंब, आणि त्याच्या टोकाला नुकतंच उलगडलेलं एक पान. पाच बोटांचं. डार्लाचे गाल ओले होते आणि ती हसत होती, अगदी दात दाखवून. मर्लचा ट्रक रस्त्यावरून चालला होता, तोही तिने हात करून थांबवला.

"बघ मर्ल! ही म्हणाली होती उगवणार नाही! वाळलंय म्हणाली! ॲरिझोनाची बाई, हिला काय कळतंय म्हणाली!" मग ऑर्फाकडे वळून, "व्हर्जिलने ऐकलं माझं. तुझं नाही, माझं. आता बोल की!"

मर्लने कोंबाकडे पाहिलं, मग ऑर्फाकडे. वाळल्या बीचं काय होतं ते त्यालाही ठाऊक होतं. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

ऑर्फाचा हात खिशात होता. अंगठा भावाच्या खोबणीत बसला होता. एक वाक्य बोलायचा अवकाश, हे हसू पुसलं गेलं असतं. पण मग खिशातलं बीही बाहेर काढावं लागलं असतं, आणि डार्लाने तो कोंब उपटून रस्त्यावर फेकला असता. बुडखा भरडणारीच ती.

"चुकले मी," ऑर्फा म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं."

"चुकले," ऑर्फा मोठ्याने म्हणाली, मर्ललाही ऐकू जाईल इतक्या. "ऑगस्टमध्ये ह्याची पानं गळतील. तेव्हा कापू नकोस."

"का? तू म्हणतेस म्हणून?" डार्ला म्हणाली आणि टोपलीवरचे दगड आणखी घट्ट दाबून बसवू लागली. "मी व्हर्जिलला विचारेन."