चूक-सभेचा तिसरा नियम

मोठ्या सरांच्या निरोपाला भाषणं नकोत, त्याऐवजी चूक-सभा घेऊ, ही कल्पना बाईंचीच. सर खूश झाले. ते खूश होणार हे बाईंना ठाऊकच होतं. सव्वीस वर्षं त्या माणसाचा अहंकार त्यांनी परीक्षेला नेमलेल्या विषयासारखा घोकला होता.

संस्था आपल्या चुकांतून कशा शिकतात, या विषयात सरांचा शब्द शेवटचा. पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या, नावाचं सभागृह, आणि कंपन्याकंपन्यांत घेतली जाणारी त्यांची ती प्रसिद्ध चूक-सभा. ती सभा मुळात बाईंची. विद्यार्थिनी असताना पंपांच्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत कामगारांबरोबर बसून त्यांनी ती बसवली होती. सर म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा. पण तेवढंच असतं तर बाईंनी केव्हाच पाणी सोडलं असतं. विद्वानांच्या बिळांत नागोबांची काही कमी नाही.

सभेचे नियम तीन. हुद्द्याने सगळ्यात मोठा माणूस आपली चूक आधी सांगतो. सांगणाऱ्याला मध्ये कुणी अडवायचं नाही. आणि शेवटी एकच प्रश्न, खोलीतल्या सगळ्यात लहान हुद्द्याच्या माणसाने, कुणालाही विचारायचा. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

त्या कारखान्यात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं ते ड्रिलवरच्या मिस्त्रींनी. "माप तपासायचं गेज घासलंय हे मला आठवडाभर माहीत होतं. बोललो नाही. चारशे झाकणं वाया गेली, ती माझ्यामुळे." बाईंनी ते नावानिशी वहीत उतरवलं. इथे बोललेलं कुणाच्या पोटावर येणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. सरांनी वही वाचायला मागितली आणि मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवली. मालकाने सल्लागाराचं काम सरांना दिलं आणि मिस्त्रींना आठ दिवसांत काढलं. अवजारांची पेटी घेऊन ते फाटकाशी उभे होते, ते बाईंनी सरांच्या गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात हाच कारखाना यशाचं उदाहरण म्हणून छापलाय. मिस्त्रींचा त्यात उल्लेख नाही.

या सगळ्याचा वचपा बाईंना आज काढायचा होता, तोही सरांच्याच सभागृहात, सरांच्याच शिष्यांसमोर. मिस्त्रींना त्यांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. "तुम्हाला हुद्दाच नाही, म्हणजे प्रश्न तुमचा. सरांना एवढंच विचारा, ताईंची वही मालकाला कुणी दिली?" मिस्त्रींनी चष्मा पुसत ऐकून घेतलं होतं. "बघू, ताई," म्हणाले होते. आता ते दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. सरांनी त्यांना ओळखलंही नाही.

सर पहिले उठले. "माझी चूक एकच. मी कामात इतका बुडालो, की घरच्यांना वेळ दिला नाही." सभागृह गहिवरलं. सरांच्या पत्नींनी रुमाल काढला. असल्या चुका सांगायला काय जातं, बाईंच्या मनात आलं; गोगलगाय अन् पोटात पाय.

मग बाई फळ्याकडे गेल्या. 'चूक' या पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'वही दिली.' आणि वळून सांगायला सुरुवात केली. कारखाना, गेज, शब्द दिला तो दिवस. "ती वही मी विश्वासाने सरांना वाचायला दिली. तिथून ती मालकाच्या टेबलावर गेली."

"एक मिनिट," सर खुर्चीतून अर्धे उठले. "याला संदर्भ वेगळा आहे."

"सर, मध्ये बोलायचं नाही," मागून एक शिष्य नम्रपणे म्हणाला. आणखी दोघांनी माना डोलावल्या. सरांनीच त्यांना हे शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. सर खाली बसले. त्यांचा चेहरा पडलेला बघून बाईंच्या काळजाला जो थंडावा मिळाला, त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. चौथं प्रकरण त्यांनी सावकाश, पान क्रमांकासकट सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. सरांच्या पत्नींनी रुमाल पर्समध्ये परत ठेवला.

"आता प्रश्न," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या रांगेकडे हात केला.

मिस्त्री उठले. सर त्यांच्याकडे बघत राहिले. आता ओळख पटत होती, ते दिसत होतं. बाई बाजूला सरकल्या, म्हणजे दोघांच्या मध्ये कुणी नको.

मिस्त्रींनी सरांकडे पाहिलंच नाही.

"माझा प्रश्न ताईंना आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी फाटकाशी पेटी घेऊन उभा होतो. फाटकाचा दांडा वर जाईपर्यंत गाडी माझ्यासमोर थांबली होती. तुम्ही मागच्या सीटवर होतात. आपली नजरानजर झाली. तुम्ही उतरला का नाहीत?"

उत्तर द्यावंच लागतं, हा नियम त्यांनीच केला होता.

"माझा प्रबंध सरांच्या सहीसाठी अडला होता," त्या म्हणाल्या. "सही आठ दिवसांवर आली होती."

"मिळाली?" असं कुणी विचारलं नाही. प्रश्न एकच असतो. पण पुढे बसलेले सगळे बाईंच्या नावामागची पदवी रोज वाचत होते.

"एवढंच विचारायचं होतं," मिस्त्री म्हणाले. "सरांचं मला तेव्हाच कळलं होतं. तो माणूस कधी आमचा नव्हताच. तुम्ही आमच्यात बसून जेवला होतात."

बाईंनी डस्टर उचललं. 'वही दिली' पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'गाडीतून उतरले नाही.' अक्षर वाकडं आलं. मिस्त्रींनी ते उभ्यानेच पूर्ण वाचलं, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दाराकडे निघाले.