हुर्जुक

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आखातातल्या रुसैलच्या मातीच्या मैदानावर एक फलंदाज बाद न होताच परत आला. कप्तानाने हात करून बोलावलं. त्याने बॅट काखेत मारली आणि कुणाकडे न बघता तो चालू लागला.

"हुर्जुक! हुर्जुक केला रे त्याचा!" कडेचे लोक ओरडले.

कासम हुर्जुक पाण्याच्या ड्रमला टेकून बसला होता. आपलं आडनाव ऐकून त्याची मान आता वळतही नसे. काही हंगामांपूर्वी, कोकणवाल्यांच्या संघाचा कोच असताना, त्याने अंतिम सामन्यात जम बसलेल्या महमूदला असंच मागे बोलावलं होतं. नंतर गेलेल्याने षटकार ठोकले, कप मिळाला. तेव्हापासून चालत्या फलंदाजाला उठवणं म्हणजे हुर्जुक. आता तर कारखान्यात कुणाला मशीनवरून हटवलं, तरी लोक तेच म्हणत.

सामने मोबाइलवरून दाखवणारा देवेश कॅमेरा धरून समोर आला.

"चाचा, दोनच शब्द. ही आयडिया सुचली कशी?"

महमूद शेजारीच होता. तो कंपनीचा ट्रेलर चालवायचा आणि कासम यार्डात ट्रिपा वाटायचा. महमूद खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"रन आटले होते याचे," कासम म्हणाला. "मॅच हातची जात होती. खलास."

"ऐकलं का महमूदभाई? तुम्ही ठोकळा, म्हणून चाचा फेमस!"

लोक हसले. महमूदही हसला.

अंतिम सामन्याच्या दिवशी कासमने सीमारेषेवरून पाहिलं होतं ते वेगळंच. महमूदचा डावा हात बॅट धरत नव्हता, ओठ काळवंडले होते. मांडवात आल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "चाचा, कुणाला बोलू नका. कंपनीच्या मेडिकलमध्ये निघालं तर गाडी जाईल. गाडी गेली की व्हिसा." गावी गेल्यावर डॉक्टरला दाखवतो, असंही म्हणाला होता. त्यानंतर तो दोनदा गावी जाऊन आला. कासमने विचारलं नाही.

मैदान रिकामं झालं. महमूदने किटबॅग उचलली, तो थोडा चालला आणि बॅग टाकून तिच्यावरच बसला.

"काय झालं?"

"काय नाय. ऊन लागलं."

ऊन कधीच उतरलं होतं.

"गावाला दाखवलंस?"

"सकिनाला कळलं असतं तर तिने परत येऊ दिलं नसतं, चाचा."

महमूदने छातीवर हात दाबून धरला होता.

"उद्या तुझा ट्रेलर सूरला यासिर नेईल. तू दवाखान्यात जा."

"ऑफिस विचारेल, का म्हणून."

"मी सांगेन."

"काय सांगाल?"

"आहे ते."

महमूद उठला. "एवढे दिवस ठोकळा म्हणवून घेतलं मी. कशासाठी?" तो म्हणाला आणि बॅग तिथेच ठेवून निघून गेला.

शनिवारी सकाळी यासिर ट्रेलर घेऊन सूरला गेला. कासमने ऑफिसात जाऊन सांगितलं. दहाच्या सुमारास कंपनीच्या गाडीने महमूदला हॉस्पिटलात नेलं. जाताना तो कासमकडे न बघता गाडीत बसला. यार्डात कुणीतरी हुर्जुक म्हणून हसलं.

संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आलेला नाही. महमूदचा फोन बंद आहे. चार वाजता मंडणगडहून सकिनाचा मेसेज आला: "चाचा, यांचा फोन लागत नाही. गाडीवरच आहेत ना?"

कासमने तो वाचला आहे. उत्तर दिलेलं नाही.